स्थगिती मिळाली तरी मजला चढवू नका

प्रश्न : महाबळेश्वर तालुक्यात आमची 20 गुंठे शेतजमीन आहे. 2019 साली तिथे दोन खोल्या बांधल्या. ग्रामपंचायतीचा दाखला आहे, घरपट्टीही भरतो. आता अनधिकृत बांधकामाची नोटीस आली आहे. वकील म्हणतात, हायकोर्टातून स्थगिती आणू. माझं वय 54. पुढच्या महिन्यात 15 लाखांची एफडी सुटते आहे. 3 लाख कोर्टासाठी आणि 12 लाख वरच्या मजल्यासाठी वापरावेत का? शनिवार-रविवार पर्यटकांना दिलं तर निवृत्तीनंतर हातखर्च निघेल.

उत्तर : 3 लाखांचं समजू शकतो. 12 लाखांना माझा साफ नकार आहे.

घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. हा घोळ फार जणांचा होतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी 2001 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. अधिसूचना केंद्राची आहे, ग्रामपंचायतीच्या दाखल्याने ती वाकत नाही.

वकिलांना आधी एवढंच विचारा : प्रादेशिक आराखड्यात तुमचा गट ज्या झोनमध्ये येतो, तिथे एवढं बांधकाम नियमात बसतं का? बसत असेल तर एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम 44 खाली ते कायम ठेवण्याचा अर्ज नोटिशीतल्या मुदतीतच द्या. तो निकाली निघेपर्यंत नुसत्या नोटिशीवरून घर पाडता येत नाही, आणि हायकोर्टातल्या रिट याचिकेच्या मानाने खर्चही किरकोळ. बसत नसेल, तर हायकोर्टात तुम्ही फक्त वेळ विकत घेणार आहात. याच कायद्याच्या कलम 149 मुळे दिवाणी दाव्याची वाट जवळजवळ बंदच आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस सक्तीची केली, पण ते संरक्षण प्रक्रियेला आहे, भिंतींना नाही.

आता मजल्याचं. स्थगिती म्हणजे बहुधा ‘जैसे थे’, आणि ते तुमच्यावरही बंधनकारक. स्लॅब टाकला की पंचनामा होणार आणि कोर्टात तुमचीच बाजू कच्ची पडणार. शेवटी पाडायची वेळ आलीच, तर पाडण्याचा खर्चही जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा तुमच्याकडूनच वसूल होतो. मरडूचे बेकायदा ठरलेले फ्लॅट आठवतात? कोचीजवळ जानेवारी 2020 मध्ये पाडले. तिथल्या मालकांना 25 लाखांची अंतरिम भरपाई तरी मिळाली. तुम्ही स्वतःच बांधलंय, भरपाई मागणार कोणाकडे?

भाड्याचा हिशेबही सोडा. शेतजमिनीवर पर्यटक ठेवणं म्हणजे वापरातला बदल, म्हणजे आणखी एक नोटीस. विकायला काढलंत तर गिऱ्हाइकाला कर्ज मिळणं कठीण : भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजुरीप्रमाणे बांधली असून वापरायला हरकत नाही, असा दाखला) पाहिल्याशिवाय बँकांनी कर्ज देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये बजावलं आहे. म्हणून निवृत्तीच्या तक्त्यात घराची किंमत शून्य लिहा, जमीन शेतजमिनीच्या भावाने धरा. (पत्नीला हे पटवणं अवघड जाईल, कल्पना आहे.)

12 लाख 7 टक्क्यांनी सहा वर्षं ठेवले तर करापूर्वी सुमारे 18 लाख होतात. एफडी सुटली की ते परत लावा. 3 लाख वेगळ्या खात्यात ठेवा, वकिलांकडून फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या, आणि ते संपले की या घरावर नवा पैसा नाही. ताजा सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकान्यात काही शेरा पडलाय का, तेही याच आठवड्यात बघा.