चरकाच्या वरच्या रोलरचा बुश का खातो: खाच कुठे पाडायची हे भार ठरवतो

संकेश्वरजवळच्या गुऱ्हाळावरून तुम्ही विचारलंय: ऊस गाळायचा तीन रोलरचा पॉवर चरक, जर्नल (रोलरच्या टोकाचा गोल दांडा) ८० मि.मी. व्यासाचं, रोलर मिनिटाला साधारण १२ फेरे. वरच्या रोलरचे दोन्ही गनमेटल बुश (जर्नल ज्यात फिरतं त्या काशासारख्या धातूच्या नळ्या) हंगाम संपायच्या आत खातात, म्हणजे झिजून जातात, हात लावू देत नाहीत एवढे तापतात. खालचे मात्र ठीक आहेत. यंदा टर्नरने आतून आठाच्या आकड्यासारख्या दुहेरी खाचा पाडून दिल्या, तरी फरक नाही. आता गनमेटल बदलून बॉल बेअरिंग घालावं का?

खालचे टिकतात आणि वरचे जातात, यातच निम्मं उत्तर आहे. ऊस आत शिरला की खालचे दोन रोलर खाली आणि बाहेर ढकलले जातात, वरचा रोलर मात्र वर उचलला जातो. म्हणजे वरच्या जर्नलचा भार बुशाच्या माथ्यावर येतो. तुमचं ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, कुठे आहे? बुशाला वरून धरणाऱ्या टोपीवर, बरोबर माथ्यावर. जिथे जर्नल बुशाला सर्वांत जोरात दाबून बसलंय, तिथेच आपण ग्रीस घालायला बघतो. ते आत जात नाही. खालच्या रोलरना वरूनच भोक आहे, पण त्यांचा भार खाली असल्यामुळे वरच्या बाजूला फट मोकळी राहते आणि ग्रीस मिळतं.

ही गोष्ट १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशां टॉवर यांनी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना पाहिली. भार येणाऱ्या बाजूला त्यांनी तेलाचं भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. दाब मोजायचं गेज लावल्यावर दाब सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त निघाला. फिरणारं जर्नल तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतं आणि तिथे दाब तयार होतो, याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलं. भाराच्या जागी खाच पाडली की हा दाब खाचेतून निसटून जातो. म्हणून आठाच्या खाचा तुमच्या कामाच्या नाहीत.

मात्र तुमच्या चरकाचा वेगही लक्षात घ्या. ८० मि.मी. आणि १२ फेरे म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जेमतेम ५ सें.मी. एवढ्या हळू आणि एवढ्या भाराखाली तेलाचा पूर्ण थर कधीच तयार होत नाही, धातू धातूला थोडा टेकतोच. तिथे पातळ तेल ओतून उपयोग नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्रॅफाइट असलेलं घट्ट, पाण्याला टिकणारं ग्रीस घ्या. मोटरकडच्या वेगाने फिरणाऱ्या शाफ्टचा हिशोब वेगळा, तिथे तेलाचा थर धरतो.

आता टर्नरला काय सांगायचं. नव्या बुशाचा माथा कोरा ठेवायचा, भोक नाही, खाच नाही. ऊस पुढून आत जातो तेव्हा वरच्या रोलरची खालची बाजू मागे जाते आणि मागून वर चढते. म्हणजे माथ्याकडे जाणारं जर्नल चिपाडाच्या बाजूने येतं. भोक त्या बाजूला, भाराच्या आधी साधारण पाव फेरा, आणि तिथूनच लांबीला एक सरळ खाच. खाच दोन्ही टोकांना ८-१० मि.मी. आधी थांबवा, नाहीतर ग्रीस बाहेरच पडेल. खाचेच्या कडा स्क्रेपरने गोल करून घ्या. धारदार कड जर्नलवरचं ग्रीस खरवडून काढते, आणि हे काम टाळलेलं मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चांगल्या वर्कशॉपमध्येही पाहिलंय. ब्लॉकला (बुश ज्यात बसतो तो ठोकळा) बाजूने भोक पाडायला जागा नसेल, तर टोकाच्या फेसकडून लांब भोक पाडून खाचेला मिळवता येतं.

खात्री करायची तर जुना बुश काढा. बसवलेल्या स्थितीतला माथा पंचने खूण करून ठेवा आणि चकचकीत पट्टा कुठे उमटलाय ते बघा. तो माथ्याजवळ, कदाचित जरा तिरका असेल. माझ्या शब्दापेक्षा त्या पट्ट्यावर विश्वास ठेवा, आणि भोक त्यापासून मोजा.

जर्नलकडे लोक बघतच नाहीत, आणि इथे माझा खरा आग्रह आहे. जर्नल बुशापेक्षा कठीण असतं, त्यामुळे त्यावर टूलचे चरे राहिले तर ते कानशीसारखं गनमेटल घासत राहतं. नवा बुश अशा जर्नलवर चढवणं म्हणजे पैसे वाया. ग्राइंडिंग करून घ्या, ०.४ ते ०.८ मायक्रॉन फिनिश पुरे. बुश प्रेस केल्यावर आतला व्यास आवळतो, म्हणून शेवटचं बोरिंग किंवा रीमर बसवल्यानंतरच. जर्नल आणि बुशातली फट ०.१० ते ०.१२ मि.मी. ठेवा.

रस बुशात जाऊ देऊ नका. तो किंचित आम्लधर्मी असतो आणि ग्रीस धुऊन काढतो. रोलर आणि बुशाच्या मध्ये जर्नलवर रस उडवून टाकणारी कॉलर बसवा, आणि बुश थंड करायला वरून पाणी मारणं बंद करा.

बॉल बेअरिंगचं म्हणाल तर नको. एवढ्या भाराला स्फेरिकल रोलर बेअरिंग लागेल, त्यासाठी ब्लॉक नवा करावा लागेल, आणि सीलमधून रस गेला की तेही जाईल. आधी भोकाची जागा बदलून बघा. पहिले काही तास ऊस कमी घालून चालवा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारत राहा, पण गन मारायची ती चरक बंद करूनच.