बशीच्या बुडाला मिंग लिहिलंय, पण…

प्रश्न : आजेसासूबाईंच्या कपाटात निळ्या-पांढऱ्या चिनी मातीची एक मोठी बशी निघाली, बुडाला सहा चिनी अक्षरं आहेत, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. मोबाइलवर शोधलं तर मिंग काळातल्या छंगह्वा बादशहाचं नाव आलं, म्हणजे १४६५ ते १४८७! घरात आता रोज नवा भाव ठरतोय. हे खरं असेल का? चित्र हातानं काढलंय की छापलंय ते कसं ओळखायचं? आणि अमेरिकेतला मुलगा म्हणतो, पुढच्या वेळी आलो की घेऊन जातो.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी तो भाव थांबवा बरं. चिनी भांड्यांवरची अक्षरं सगळ्यात शेवटी बघायची असतात. जिंगदेजन हे चीनमधलं चिनी मातीच्या भट्ट्यांचं शहर, तिथे मिंगनंतरच्या कांगशी बादशहाच्या काळात, १६७७ साली, अधिकाऱ्याने हुकूम काढला की भांड्यावर बादशहाचं नाव घालायचं नाही, कारण भांडं फुटलं की नावाचा अपमान. मग कारागिरांनी सरळ जुन्या मिंग बादशहांची नावं टाकायला सुरुवात केली, त्यात छंगह्वा फार लाडका, आणि पुढे १९ व्या शतकात कांगशीचंच नाव नव्या मालावर यायला लागलं. त्यामुळे तुमची बशी खरोखर छंगह्वाची असायची शक्यता नसल्यातच जमा, पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाही हां, कांगशी काळातली निघाली तरी चांगलीच की!

आता चित्र. भिंग घ्या. कोबाल्टचा रंग कच्च्या मातीवर लावतात तेव्हा तो काळपट-करडा दिसतो, माती तो लगेच पिते, पुसायची सोयच नाही, मग वरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, देऊन साधारण १३०० अंशांच्या भट्टीत गेला की निळा होतो. म्हणून हातकामात ब्रश जिथे थबकला तिथे निळा गडद दिसतो, आणि भरलेला रंग कुठेतरी रेघेबाहेर गेलेला असतो. रेघ एकाची, रंग दुसऱ्याचा असंही असायचं, एका जेझुइट पाद्र्याने १७१२ साली लिहून ठेवलंय की एक भांडं सत्तर हातांतून जातं. छापील असेल तर बारीक ठिपके दिसतील, किंवा काठावरची नक्षी एका जागी नीट जुळलेली नसेल.

बशी उलटी करून बुडाची कडाही बघा. तिथे ग्लेझ नसतं, उघडी माती, कधी ग्लेझ संपतं तिथे गंजासारखी नारिंगी रेघ. मळ मात्र ओल्या कापडाने निघाला तर तो भांडं जुनं दिसावं म्हणून चहाचं पाणी लावून आणलेला असू शकतो, बाजारात हे सर्रास चालतं. ब्लीच नको, फेव्हिक्विक तर अजिबात नको.

मुलाला सांगा, घाई करू नकोस. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याला दाखवा, पुरावस्तू नाही असा दाखला मिळाला तरच बॅगेत भरा.