सहा वर्षांच्या लेकरासोबत हॅलोवीनचं कागदी भूतघर कसं करावं? परभणीत सामान मिळेल का?

मिळेल की. बुटाचं रिकामं खोकं, काळा कार्डशीट, फेविकॉल आणि आकाशकंदिलाचा पिवळा-नारिंगी जिलेटिन कागद. हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच येतो, त्यामुळे जिलेटिनची चिंता नको.

खोकं उघडी बाजू समोर येईल असं आडवं ठेवा. सगळी गंमत थरांमध्ये आहे. मागच्या बाजूला खिडकी कापून आतून जिलेटिन लावा, तोच चंद्र. त्यापुढे ३-४ सेंमी अंतर सोडून घर, आणि सगळ्यात पुढे कुंपण नि वाळलेलं झाड. प्रत्येक आकृतीच्या खाली १ सेंमी पट्टी जास्तीची ठेवून ती दुमडा आणि तिलाच गोंद लावा, म्हणजे आकृती उभी राहते. घराच्या खिडक्या मोठ्यांनी कटरने कापाव्यात. वटवाघळं लेकराकडे द्या: कागद दुमडून अर्धीच आकृती कापायची, उघडली की दोन्ही पंख सारखे. मागून छोटा एलईडी लावा. मेणबत्ती अजिबात नको.

घर विलायतीच हवं असं थोडंच आहे? आम्ही गावाकडची पडकी गढी केली, झाड पिंपळाचं, त्यावर मुंजा. हॅलोवीनचा कोरलेला भोपळा मात्र ठेवला. आयर्लंडात आधी सलगम कोरत, भोपळा अमेरिकेत आला.

हो, चिकटवताना पंखा बंद ठेवा. आमची चार वटवाघळं कपाटामागं उडाली, ती अजून तिथंच आहेत.