कडाक्याच्या थंडीत केळीचा घड

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. केळ दर थंडीत जमिनीपर्यंत जळते, उन्हाळ्यात पुन्हा पुरुषभर वाढते. पण चार वर्षांत एकदाही निसवली नाही, म्हणजे घड बाहेर पडला नाही. खत कमी पडतंय का?

उत्तर : खत कितीही घातलं तरी ही केळ निसवणार नाही, कारण तिचं खोड वाचत नाही. एका खोडाला साधारण ३०-४० पानं येऊन गेल्यावर आत फुलोरा धरतो. उबेत आठवड्या-दहा दिवसांनी एक पान येतं. १५ अंश सेल्सिअसखाली वाढ जवळजवळ थांबते. पाच महिन्यांच्या उन्हाळ्यात पानं होणार फार तर १५-२०. खोड मेलं की नव्या मुनव्याची (बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लाची) मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून कडाक्याआधी पानं छाटा. खोडापासून वीतभर अंतर ठेवून तारेच्या जाळीचा पिंजरा उभा करा, त्यात कोरडा पेंढा भरा आणि वरून पाऊस शिरणार नाही असं झाकण द्या. बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळू नका. आत दमटपणा साठून खोड कुजतं. उंच खोड मीटरभर ठेवून वरून कापलं तरी चालतं, कारण वाढीचा कोंब खाली कंदापाशी असतो. पण भर उन्हाळ्यात नवी पानं आखूड येऊ लागली, तर फुलोरा खोडातून वर चढतोय असं समजा. तेव्हा कापलंत तर घडच गेला! मुनवे एक-दोनच राखा, तलवारीसारख्या अरुंद पानांचे.

प्रश्न : काटक म्हणून जपानी केळ (मुसा बासजू) लावली आहे. फळं खाता येतील?

उत्तर : नाही, त्यांत गर नावापुरता आणि बियाच बिया. ड्वार्फ ओरिनोको ही जात लावा. रानकेळीचा अंश असल्याने ती थंडी बरी सोसते. ड्वार्फ कॅव्हेंडिश बुटकी, झाकायला सोपी. पण गारठ्यात तिचा घड खोडाच्या गळ्यातच अडकतो.

प्रश्न : घड लागलाय, पण थंडी तोंडावर आली आणि फण्या हिरव्याच आहेत.

उत्तर : गारव्यात घड भरायला सहा महिनेही लागतात. केळफूल आणि खालच्या बारीक फण्या आताच काढा, म्हणजे उरलेल्या पोसतील. रात्री १३ अंशांखाली जाऊ लागल्या की सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि फळ नीट पिकत नाही. त्याआधी घड दांड्यासकट उतरवा. केळ्यांच्या कडा गोलसर झाल्या असतील तर घरात २० अंशांच्या आसपास टांगून ठेवा, पिकतील. कडा अजून धारदार असतील तर कच्चीच शिजवून खा.