आठ दिवसांत कॅरिबियनमध्ये काय बघावं? मी फक्त त्रिनिदाद-टोबॅगो म्हणेन

तुम्ही विचारलंय की आठ दिवस आहेत, नुसते बीच नकोत, जंगल आणि इतिहास हवाय, तर कुठली बेटं करावीत. मी कामानिमित्त दोन वर्षं त्रिनिदाद बेटावर, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला होतो, त्यामुळे कळकळीने सांगतो, चार बेटं धावत करू नका, सगळा वेळ एअरपोर्टवर जातो.

पहिल्याच संध्याकाळी कॅरोनी दलदल. चारच्या सुमारास बोट निघते, दोन्ही बाजूंनी खारफुटी (आपल्या ठाण्याच्या खाडीची आठवण येतेच), फांद्यांवर वेटोळं घालून झोपलेले साप दिसतात आणि मग ऊन उतरायला लागलं की स्कार्लेट आयबिस या लाल पक्ष्यांचे थवे येतात. खेकडे-कोळंबी खाऊन त्यांना तो लालभडक रंग येतो, पिल्लं मात्र करड्या रंगाची असतात. समोरचं हिरवं बेट बघता बघता लाल होतं, मी सहा वेळा गेलो तरी दरवेळी अंगावर काटा आला. दुर्बीण न्याच, बोट लांबच थांबवतात आणि तेच बरोबर आहे.

इतिहासासाठी त्रिनिदादच्याच वॉटरलू गावचं समुद्रातलं देऊळ चुकवू नका. ३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर इथे आले, उसाच्या मळ्यांवर राबायला, बहुतेक यूपी-बिहारकडचे, आणि हे १९१७ पर्यंत चालू होतं. लहानपणी आईवडिलांबरोबर असाच आलेला सेवदास साधू पुढे मळ्यातच मजुरी करायचा. त्याने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं, पण जमीन ऊस कंपनीची, म्हणून ते पाडलं आणि वर त्यालाच तुरुंगात टाकलं. सुटल्यावर हा माणूस सायकलवरून दगड-सिमेंट वाहून थेट समुद्रात भराव घालत बसला, एकटा, वर्षानुवर्षं! आताची इमारत १९९५ ची आहे. ओहोटीला सगळीकडे चिखल दिसतो, म्हणून भरतीची वेळ बघून जा. शेजारीच स्मशान आहे, तिकडे कॅमेरा रोखू नका प्लीज.

मग टोबॅगो, विमानाने अर्धा तासही लागत नाही. तिथलं मेन रिज जंगल १७७६ मध्ये कायद्याने राखीव झालं, कारण काय तर झाडं तोडली तर पाऊस जाईल आणि मळे सुकतील, म्हणजे मळेवाल्यांच्या काळात हे कुणाला तरी पटलं होतं! १९६३ च्या फ्लोरा वादळात बरंच जंगल आडवं झालं होतं, आता परत दाट झालंय. गिल्पिन ट्रेसची वाट लोकल गाइड घेऊनच चाला, एकट्याला नुसती झाडंच दिसतात, गाइड हमिंगबर्डचं घरटं दाखवतो. गमबूट तिथेच भाड्याने मिळतात.

मार्च ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एक रात्र त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रांद रिव्हिएर गावाला ठेवा, लेदरबॅक कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. परमिट काढावं लागतं, गाइड बरोबर लागतो, टॉर्च-फ्लॅश बंद. क्रिकेटवाले असाल तर पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानातही डोकावा, १९७१ मध्ये गावसकर तिथेच पहिली टेस्ट खेळले आणि वाडेकरांच्या टीमने ती जिंकली.

तारखा ठरल्या की कमेंटमध्ये टाका, त्या दिवशी वॉटरलूला भरती किती वाजता ते बघून सांगतो.