विकली कंपनी की नुसतं नाव?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर किट आवरता आवरता तू विचारलंस, "सर, मी घेणार त्या रायफलची कंपनी म्हणे विकली गेली. आता घेऊ की नको?" बाहेर तुझे बाबा गाडी सुरू करून थांबले होते, म्हणून मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आज सवडीनं लिहितो.

आधी विकलं नेमकं काय, ते शोध. अख्खी कंपनी विकली गेली असेल तर कागदावर कंपनी तीच राहते. तिनं केलेलं कर्ज, दिलेली वॉरंटी, सगळं तिच्याच गळ्यात. रायफली बनवणारी जर्मन कंपनी वॉल्थर 1993 मध्ये उमारेक्स या दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. तुझ्या शेजारच्या लेनवर वॉल्थर घेऊन उभी राहणारी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती, आणि त्यांचं काही अडलेलं नाही. आपल्या खडकीचंच बघ. 1 ऑक्टोबर 2021 ला देशातल्या 41 आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. दारूगोळ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला, फाटकावरची पाटी बदलली, आत कामाला माणसं तीच.

दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत बंदुका बनवणारी रेमिंग्टन 2020 मध्ये बुडाली आणि तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. त्यातला मार्लिन या रायफलींचा तुकडा रगर या दुसऱ्या बंदूक कंपनीनं घेतला. 2021 च्या अखेरीस रगरनं बनवलेली पहिली मार्लिन बाजारात आली, सिरियल नंबरच्या सुरुवातीला 'आरएम' अक्षरं घेऊन. या रायफलींची जबाबदारी रगर घेते. त्याआधीच्या मार्लिनची घेत नाही. बॅरलवर नाव तेच, पण एकीला वाली आहे आणि दुसरी पोरकी. यात फसवाफसवी काही नाही. तिथल्या दिवाळखोरी न्यायालयातून मालमत्ता उचलताना जुनी देणी मागे सोडता येतात, आणि हिशेबाच्या वहीत वॉरंटी देण्यांच्याच बाजूला बसते.

मी हे ठेच खाऊन शिकलो. माझ्या जुन्या एअर पिस्तुलाच्या कंपनीचा मालक बदलला, तेव्हा सील गळतंय म्हणून पत्र पाठवलं. दीड महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं: हा सिरियल नंबर आमच्याकडचा नाही. तो अख्खा सीझन मी उसन्या पिस्तुलावर काढला.

तुझ्या बाबतीत मात्र जर्मनीत बसलेल्या मालकापेक्षा इथला आयातदार महत्त्वाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल आयात करणाराही उत्पादन विक्रेता धरला जातो, आणि तू पुण्यात राहतेस म्हणून तक्रार पुण्यातच करता येते, दोन वर्षांच्या आत. पण त्या वाटेला जायची वेळ येऊ नये. ग्राहक आयोगाच्या तारखा पडेपर्यंत तुझ्या दोन राज्य स्पर्धा होऊन जातील. म्हणून पैसे देण्याआधी डीलरकडून ईमेलवर लिहून घे: मालकी बदलल्यावर वॉरंटी कोण पाळणार, रायफल दुरुस्तीला कुठे जाणार, पाठवण्याचा खर्च कोणाचा. फोनवर "मॅडम, काळजीच करू नका" म्हणणारा माणूस वर्षभरात दुसऱ्या नोकरीत असतो.

आणखी एक. मालकी बदलली की गोदामात पडून राहिलेला जुना माल कधीकधी स्वस्तात निघतो. स्वस्त म्हणून भुलू नकोस. वॉरंटी तुझ्या बिलाच्या तारखेपासून मोजतील, पण दाबलेली हवा भरायच्या सिलिंडरची दहा वर्षांची मुदत तो बनला तेव्हापासून सुरू झालेली असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही, आणि तिथे जबाबदारी खेळाडूची. तारीख त्याच्या अंगावरच कोरलेली असते, इतकी बारीक की मला आता भिंग लागतं.

सील किट आणि एक जादा सिलिंडर रायफलबरोबरच घे. ओ-रिंग, म्हणजे सीलची रबरी कडी, मापानं बाहेरही मिळते. ट्रिगर युनिट आणि हवेचा दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर मिळत नाहीत. रेग्युलेटर बिघडला तर भोसरीतल्या लेथवाल्या काकांकडे घेऊन जाऊ नकोस, कितीही हुशार असले तरी. टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते, इथे 200 बार. शिवाय एकदा उघडलेल्या रायफलला वॉरंटी विसर.

तुझ्या एअर रायफलला निदान लायसन्स लागत नाही. पुढे पॉइंट टू-टूवर, म्हणजे काडतुसाच्या रायफलवर गेलीस की दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाकडेच करावी लागेल आणि बाहेरदेशी पाठवायचं म्हटलं तर कागदपत्रांचा ढीग. त्यामुळे मला विचारशील तर दहा-वीस हजार जास्त गेले तरी चालतील, पण जिचा दुरुस्त करणारा माणूस पुण्या-मुंबईत आहे तीच रायफल घ्यावी.

डीलरचं उत्तर आलं की शनिवारी प्रिंट काढून आण. आणि रायफल दाखवायला दिली तर सिरियल नंबर आणि सिलिंडरची तारीख, दोन्हींचे फोटो काढ. भिंग माझ्याकडे आहे.

तुझे,
सर