स्लाऊमध्ये घर घ्यायचंय? आधी वाकडच्या फ्लॅटचा हिशोब करा

तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको दोघांचा मिळून वर्षाला ८० हजार पौंड पगार आहे, लंडनच्या पश्चिमेला स्लाऊत भाड्याने राहता, पुण्यात वाकडला स्वतःचा टू बीएचके आहे. आता भाव उतरेपर्यंत थांबायचं की स्टेशनजवळचा फ्लॅट घेऊन टाकायचा, हा प्रश्न. मी २००९पासून इथे राहते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या सगळ्यात मला सर्वात जास्त काळजी वाटते ती वाकडच्या फ्लॅटची. 'इंग्लंडमधलं हे आमचं पहिलंच घर' म्हणून स्टँप ड्यूटीत सवलत मिळेल असं तुम्ही धरून चालला आहात. ती मिळणार नाही. जगात कुठेही स्वतःच्या नावावर घर असेल किंवा पूर्वी होतं, तर माणूस पहिल्यांदा घर घेणारा ठरत नाही. वारसाहक्काने आलेलं घरही यात मोजतात. शिवाय ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं दुसरं घर हातात असेल तर नव्या घराच्या किमतीवर ५ टक्के जादा ड्यूटी लागते, आणि त्यासाठी नवरा-बायको एकच धरले जातात. त्यामुळे फक्त एकाच्या नावावर घर घेण्याची युक्तीही चालत नाही.

४ लाखांच्या घराचं उदाहरण घ्या. खरोखर पहिलं घर असेल तर ड्यूटी ५ हजार. वाकडचा फ्लॅट आधी विकून आलात तर १० हजार. तो ठेवून घेतलंत तर ३० हजार! म्हणजे डिपॉझिटसाठी साठवलेल्या ४० हजारांतला मोठा वाटा तिथेच गेला. इतके कष्टाचे पैसे असे गेलेले मी जवळच्या माणसांच्या बाबतीत पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगते.

भाव उतरण्याचं म्हणाल तर तुमच्या खिशाला भावापेक्षा व्याजदर जास्त जाणवेल. ३ लाख ६० हजारांचं ३० वर्षांचं कर्ज २ टक्क्यांनी असेल तर हप्ता साधारण १,३३० पौंड, साडेचार टक्क्यांनी १,८२५. कर्ज २० हजारांनी कमी झालं तर हप्ता जेमतेम शंभरने उतरतो, आणि तोवर भाडं चालूच. स्लाऊत मागणी फारशी ओसरेल असं मला वाटत नाही. हीथ्रो विमानतळ शेजारी, ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या नोकऱ्या, ग्रामर स्कूलसाठी (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळा) येणारे आईबाप, आणि नोव्हेंबर २०२२पासून एलिझाबेथ लाइन या रेल्वेने गाडी न बदलता थेट मध्य लंडन.

स्टेशनजवळचा फ्लॅट मात्र मी घेणार नाही. माझा पहिला फ्लॅट तसाच होता. लीजहोल्ड, म्हणजे जमीन दुसऱ्याची, आपला हक्क ठरावीक वर्षांपुरता. सहा वर्षांत सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) जवळपास दुप्पट झाला, लिफ्ट मात्र महिनोन्‌महिने बंद असायची, आणि विकताना घेतला त्याच भावाला गेला. २०१७ला लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीनंतर तर क्लॅडिंगच्या, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या सुरक्षिततेच्या, कागदांवाचून बँका कर्ज द्यायला अडून बसायला लागल्या. घ्यायचाच असेल तर तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशोब मागा आणि लीजची किती वर्षं उरलीत ते बघा. ८० वर्षांखालची लीज वाढवून घेणं फार महाग पडतं.

त्यापेक्षा स्लाऊमधल्याच सिपनम किंवा लँगलीकडचं जुनं, लहान टेरेस्ड (ओळीत एकमेकांना लागून असलेलं) घर बघा, फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट आपलं. स्वयंपाकघर जुनाट असलं तरी चालेल, ते पुढे सावकाश करता येतं.

ऑफर देण्याआधी सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, वाकडच्या फ्लॅटबद्दल सगळं खरं सांगा. तो कुणाच्या नावावर आहे, किती किमतीचा आहे आणि विकायचा विचार आहे का, हे कळल्याशिवाय ड्यूटीचा आकडा कुणालाच नीट काढता येणार नाही.